पांढऱ्या रुईतला हिरवा रंग

(दृश्य : जळगावजवळचं जिनिंग. एका बाजूला रुई, दुसरीकडे सरकी.)

कपाशी जिनिंगला आली, सरकी निघाली, उरली पांढरीशुभ्र रुई. हिच्यापासून हिरवी, निळी, लाल शाई करता येते आणि तिच्यात रंगद्रव्याचा कणही लागत नाही. मोरपिसाच्या निळाईसारखा हा रंग मांडणीतून येतो.

कापसाच्या तंतूत सेल्युलोजचे स्फटिक असतात. लांबी साधारण 100 ते 200 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर), जाडी जेमतेम 5 ते 10. पाण्यात त्यांची दाटी झाली की ते आपोआप थर लावून बसतात, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळलेला, गोल जिन्यासारखा. 1992 मध्ये कॅनडातल्या डेरेक ग्रे आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. हिशेब सोपा आहे. सुकल्यावर जिन्याचा एक फेरा 350 नॅनोमीटरचा असेल, तर त्याला अपवर्तनांकाने, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती मंदावतो त्या आकड्याने, इथे 1.56 ने गुणा. 546 आले; एवढ्या नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश परत फिरतो, तो हिरवा. फेरा 300 चा असेल तर निळा, 410 चा असेल तर लाल.

(दृश्य : काचेच्या भांड्यात रुई उकळतेय.)

कच्च्या रुईवर मेण असतं, म्हणून आधी ती कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात उकळून, धुऊन, वाळवून घ्यायची. मग 10 ग्रॅम रुईला सुमारे 90 मिलिलिटर, वजनाने 64 टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. 45 अंश सेल्सिअसला 45 मिनिटं ढवळायचं, की लगेच ते मिश्रण दहापट थंडगार डिस्टिल्ड पाण्यात ओतायचं. उशीर झाला तर मिश्रण तपकिरी पडतं; ॲसिड जास्त तीव्र झालं तर स्फटिकही विरघळतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडनेही स्फटिक सुटतात, पण त्यांच्यावर सल्फ्युरिकसारखा ऋणभार येत नाही, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि गोळा होऊन तळाला बसतात.

पुढे सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून स्फटिक तळाला बसवायचे आणि वरचं ॲसिडचं पाणी काढायचं. वरचं पाणी गढूळ दिसू लागलं की थांबायचं, नाहीतर माल पाण्याबरोबर जातो. मग उरलंसुरलं ॲसिड झिरपून जावं म्हणून डायलिसिसच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याच्या नळीत काही दिवस, पाणी बदलत. इथे बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातल्या कॅल्शियमने शाईची खळ होते.

आता रंग जुळवणं. अल्ट्रासाउंड दिला की चिकटलेले गठ्ठे फुटतात, जिन्याचा फेरा वाढतो, रंग लालकडे सरकतो. भांडं बर्फात ठेवून द्यायचा, कारण शाई तापते. मीठ उलटं काम करतं. एक ग्रॅम कोरड्या स्फटिकांमागे पाच-सहा मिलिग्रॅम, एवढ्यानेच रंग निळ्याकडे जातो. त्याहून बरंच जास्त पडलं तर सगळं घट्ट होतं आणि रंग येतच नाही.

खरी परीक्षा सुकवताना. खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या घरात, हवा कोरडी ठणठणीत. पापड वाळवायला झकास, शाईला घातक. वरचा थर आधी आवळतो, जिने जुळायला वेळ मिळत नाही, पापुद्रा तडकून वळतो. पेट्री डिशवर, म्हणजे उथळ बशीवर, झाकण ठेवून, बारीकशी फट सोडून, दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे. लवचिक पापुद्र्यासाठी थोडं ग्लिसरॉल घालतात. त्याने फेरा फुगतो, तेव्हा रंग पुन्हा जुळवावा लागतो.

इंकजेटचा थेंब तर सेकंदांत सुकतो आणि चहाच्या कपाच्या डागासारखं कडेला कडं धरतो. उपाय म्हणजे थेंबावर तेलाचा पातळ थर सोडून बाष्पीभवन मंद करणं. कागद काळाच हवा. या रचनेतून निम्मा तरी प्रकाश आरपार जातो, पांढरा कागद तो परत फेकतो आणि रंग फिका पडतो.

(दृश्य : काळ्या कागदावर हिरवं चिन्ह, समोर थिएटरमधला थ्रीडी चष्मा.)

छापलेलं जमलं का, हे वर्तुळाकार ध्रुवणाच्या, म्हणजे एका काचेतून डाव्या आणि दुसरीतून उजव्या फिरकीचा प्रकाश सोडणाऱ्या, थ्रीडी चष्म्याने कळतं. हे जिने सगळे डावखुरे, ते फक्त डाव्या फिरकीचा प्रकाश परत फेकतात. म्हणून चष्म्याच्या एका काचेतून हिरवं लखलखीत दिसतं आणि दुसरीतून जवळजवळ नुसता काळा कागद.