नऊ हजार डॉलरचा व्हिला

मंडळी, लोणावळ्यापासून अलिबागपर्यंत कुठेही गेलात तरी लाल कौलांच्या, कमानीदार ‘मेडिटरेनियन व्हिलां’चे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या धाटणीच्या बंगल्यांचे फलक दिसतात. कॅलिफोर्नियात अशी घरं विकायला निघतात तेव्हा जाहिरातीत ‘ऐतिहासिक’ हा शब्दही असतो, कारण तिथे त्यांना शंभरेक वर्षं होत आली. त्यातल्या एकाच घराबद्दल मी आज बोलणार आहे. लॉस एंजेलिसच्या पश्चिम टोकाला, पॅसिफिक पॅलिसेड्सच्या डोंगरउतारावरचा व्हिला ऑरोरा.

हे घर १९२७-२८ मध्ये बांधलं गेलं. आपले बिल्डर ज्याला सॅम्पल फ्लॅट म्हणतात, तसंच ते होतं. उतारावरचे प्लॉट विकायचे होते आणि लॉस एंजेलिस टाइम्स हे वर्तमानपत्र बांधकामाची प्रगती वाचकांना सांगत होतं. अंगण, कारंजं, रंगवलेली लाकडी छतं असा सगळा स्पेन बाहेरून. आत मात्र विजेचा फ्रीज, भांडी धुण्याचं यंत्र, आणि मूकपटांना साथ द्यायला चक्क पाइप ऑर्गन! खरी गोम गॅरेजमध्ये होती. इथून वाण्याच्या दुकानात जायचं तरी गाडी हवी. म्हणजे दिसायला हे घर सतराव्या शतकातलं आणि चालायचं मात्र पेट्रोलवर.

पुढे मंदी आली. घर पडून राहिलं, काचा फुटल्या, बाग माजली. मग युद्ध आलं. मलायाचं रबर जपानच्या हाती गेलं. टायर वाचवायचे तर गाड्या कमी फिरल्या पाहिजेत, म्हणून डिसेंबर १९४२ पासून अमेरिकाभर पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. साध्या गाडीला आठवड्याला चार गॅलन, नंतर तीनच. समुद्र होता तिथेच होता, पण आता त्याच्यापाशी राहायला कोण जाणार? १९४३ मध्ये हे अख्खं घर नऊ हजार डॉलरला गेलं. त्या काळच्या मानानेही ही किंमत मातीमोलच म्हणायची.

घेणारे होते जर्मन कादंबरीकार लिऑन फॉइश्टवांगर आणि त्यांच्या पत्नी मार्टा. हिटलर सत्तेवर आला तेव्हा नाझींनी त्यांचं बर्लिनमधलं घर बळकावलं, पुस्तकं लुटली. ते दक्षिण फ्रान्समधल्या सानारीला जाऊन राहिले, अस्सल भूमध्य समुद्राच्या काठी. १९४० मध्ये फ्रान्स पडला, लिऑनना छावणीत डांबलं गेलं, तिथून सुटका करून घेत दोघं अमेरिकेला पोचले. आणि ज्यांनी खरा भूमध्य किनारा जगून पाहिला होता, त्यांच्याच वाट्याला हा पॅसिफिकवरचा देखावा आला! मला तर यात नियतीची थोडी थट्टाच दिसते.

मार्टाबाईंनी ते घर उभं केलं. जुन्या बाजारातून सामान आणलं, बाग वर काढली, गाडीही त्याच चालवत. लिऑननी पुन्हा पुस्तकं जमवायला घेतली. हा त्यांच्या आयुष्यातला तिसरा संग्रह. अखेरीस तो तीस हजारांच्या घरात गेला. कादंबरीकार टोमास मान, नाटककार ब्रेख्त, चॅप्लिन तिथे येत. वाचनं होत, वाद होत. लिऑनना अमेरिकी नागरिकत्व शेवटपर्यंत मिळालं नाही. देशाबाहेर पडलो तर परत घेतील की नाही, या धास्तीने ते युरोपला कधीच गेले नाहीत. १९५८ मध्ये ते वारले. मार्टाबाईंनी घर आणि ग्रंथसंग्रह सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला दिला आणि १९८७ मध्ये जाईपर्यंत स्वतःच त्याची राखण केली.

त्यांच्यामागे घर पुन्हा विक्रीला निघालं. विद्यापीठाला ते सांभाळणं जड होतं: उतारावरचं जुनं बांधकाम, त्यात भूकंपाचा प्रदेश. बर्लिनमध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झालं, जर्मनीतून सार्वजनिक पैसा उभा राहिला, डागडुजी झाली, आणि १९९५ पासून तिथे लेखक-कलावंत मुक्कामाला येऊ लागले. हे झालं नसतं तर एखाद्या धनिकाने स्विमिंग पूलसाठी अंगण खणलं असतं, असं माझं मत आहे.

मघाशी एकांनी विचारलं, आज त्याला काय भाव येईल? ते विकाऊ नाही. पण शेजारची गोष्ट सांगतो. ७ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्समध्ये वणवा पेटला, सहा हजारांहून अधिक बांधकामं जळाली. व्हिला ऑरोरा वाचला. धुराने आत नुकसान झालं, पण भिंती-छप्पर शाबूत राहिलं. काही आठवड्यांतच आसपासचे जळके प्लॉट विक्रीला लागले, नुसती जमीन म्हणून. समुद्र दिसतो, हे त्या जाहिरातींतही होतंच. पण तिथे घर घेणारा माणूस आता पहिला फोन विमा एजंटला करतो. वणव्याच्या पट्ट्यात कंपन्या पॉलिसी द्यायला नाखूश असतात, आणि विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही. १९४३ मध्ये जे काम पेट्रोलच्या कुपनांनी केलं, ते आता विम्याचा हप्ता करतोय. फरक एवढाच की रेशनिंग १९४५ मध्ये उठलं.