काळा की पांढरा? रत्नागिरीत सात तास

(दृश्य : काळोख. रुळांचा घुमणारा आवाज. मग एकदम हिरवा उजेड आणि पाऊस.)

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो संपला की रत्नागिरी जवळ आली म्हणायची. मुंबईपासून इथवर नद्या दिसल्या, डोंगर दिसले, पाण्याखालची भातखाचरं दिसली. समुद्र खिडकीत एकदाही आला नाही. कोकण रेल्वेचं हे असंच आहे. नाव कोकणाचं, पण वाट डोंगराच्या पोटातून.

मडगावची पुढची गाडी संध्याकाळी. हातात सात तास. स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर आत, त्यामुळे उतरल्यावरही समुद्राचा पत्ता नाही. रिक्षावाल्या काकांना म्हटलं, समुद्रावर सोडा.

"कुठला? काळा की पांढरा?"

मी गप्प. त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "आणि आता तर बंद आहे हो समुद्र."

(दृश्य : मिरकरवाडा बंदर. ताडपत्र्यांखाली दाटीनं उभ्या होड्या.)

बंद म्हणजे काय, ते मिरकरवाड्यात कळलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. माशांच्या विणीचे दिवस, शिवाय खवळलेला दर्या. एरवी पाय ठेवायला जागा नसते त्या धक्क्यावर आता दोनचार मांजरं आणि पाऊस. होड्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या की या टोकाची चढून त्या टोकाला उतरता येईल. एका शेडमध्ये चौघं जण फाटलेली जाळी सांधत बसले होते. कॅमेऱ्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

खलाशी कुठे आहेत, असं विचारलं. "नेपाळला." इथल्या होड्यांवर राबणारे बरेच जण नेपाळचे, बंदी लागली की गावी जातात. ज्या देशाला समुद्रच नाही, तिथली माणसं अरबी समुद्रात जाळी ओढतात. हे मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

(दृश्य : रत्नदुर्ग. बुरुजावरून दोन्ही बाजूंचा किनारा.)

वर रत्नदुर्ग, आत भगवतीचं देऊळ. बुरुजावर वारा असा की छत्री उघडण्यात अर्थ नाही. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथून दिसतं. किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीकडचा किनारा : काळा समुद्र. दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा : पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे सारखंच, मातकट. रंग वाळूचा. काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, टायटॅनियम ज्यातून काढतात ते खनिज.

मिऱ्याच्या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटत आलं आणि इथल्या बंधाऱ्याला लागलं. त्यावरची माणसं वाचली. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षं तिथंच गंजत राहिलं, आणि लोक रविवारी ते बघायला जाऊ लागले.

(दृश्य : थिबा राजवाडा. जांभ्याच्या लाल भिंती, पावसात भिजलेली उतरती छपरं.)

असाच एक राजा इथं येऊन लागला होता. ब्रह्मदेशाचा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, म्हणजे तोवर चोवीस वर्षं गेली होती. राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथंच वारला. समाधीही याच गावात.

दालनं आता संग्रहालयाची आहेत. मी मूर्तींपेक्षा खिडक्याच जास्त पाहिल्या. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. आज दिसला तो नुसता करडा पडदा.

टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर राहून गेलं. दोन्हींसाठी वेगळा दिवस हवा, आणि भूकही लागली होती.

"सुरमई आहे, पण बर्फातली," खानावळीतल्या ताईंनी आधीच सांगून टाकलं. "खाडीच्या तिसऱ्या आजच्या." तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, घेतल्या. सोलकढी दोनदा मागितली.

(दृश्य : मांडवी. उधाणाच्या लाटा कठड्यावर आपटताहेत.)

शेवटचा अर्धा तास मांडवीला. भरती कठड्यापर्यंत चढलेली, वाळूची एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिच्यावर उतरू नका, असं तिघांनी तीनदा सांगितलं. कॅमेरामन उतरला. पाठोपाठ मीही.

(दृश्य : डब्याची ओली खिडकी. पानवलचा उंच पूल, खाली धुकं.)

गाडी सुटल्यावर बूट काढले. मोज्यात वाळू होती. काळी.