डबीतला कापूस

श्रोतेहो, नमस्कार.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं समुपदेशक होते. एचआयव्हीची तपासणी करायची आणि रिपोर्ट हाती देण्याआधी माणसाला जवळ बसवून बोलायचं, हे माझं काम. तिथं एक बाई यायच्या, पस्तिशीच्या असतील. गोळ्यांची नवी डबी मिळाली की आधी नखानं लेबल खरवडून काढायच्या. मग पदराच्या गाठीतून कापसाचा बोळा काढून डबीत दाबून बसवायच्या. घरचाच कापूस, सरकी काढलेला. मी विचारलं, "काऊन बाई?" तर म्हणाल्या, "मॅडम, यष्टीत डबी खुळखुळ वाजते नं. बाजूची पुसते, कायच्या गोळ्या हायेत?"

ती डबी त्यांच्या पदरापर्यंत कशी आली, ते आज सांगते.

तीन औषधं एकत्र दिली तर एचआयव्ही दबून राहतो, हे 1996 च्या सुमारास पक्कं झालं. खाटेला खिळलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली. पण कुठली माणसं? अमेरिकेतली, युरोपातली. कारण वर्षाच्या औषधांना 10,000 डॉलरच्या वर खर्च यायचा. आफ्रिकेत गावंच्या गावं रिकामी होत होती, आणि आपल्याकडे लोक "टीबीनं गेला" म्हणून तेरवी उरकत होते.

मग फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद पुढे आले. अशीच तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देतो, म्हणाले. म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. हे जमलं कसं? आपल्या 1970 च्या कायद्यात पेटंट, म्हणजे एकट्यानंच बनवायचा हक्क, औषधावर नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. दुसऱ्या रीतीनं तेच औषध बनवा, कोणी अडवत नव्हतं. 2005 मध्ये तो कायदा बदलला, पण तोवर भाव खाली आले होते. पेटंटमुळे वस्तू महाग कशी होते, हे बियाण्याचं पाकीट विकत घेणाऱ्या कास्तकाराला मी काय समजावून सांगू!

तरी 350 डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये. मजुराच्या घरात एवढी रक्कम कोण पाहतं? भारत सरकारनं 1 एप्रिल 2004 पासून औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, पण आधी मोजक्याच रुग्णालयांतून. महाराष्ट्रात मुंबईचं जेजे. इथून सेवाग्राम एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास, तोही अंगात ताप असताना. पुढे औषधं देणारी केंद्रं जिल्ह्यात आली, मग त्यांना जोडलेली लिंक केंद्रं तालुक्याच्या जवळ.

आणि नियम! सुरुवातीला रक्तातल्या सीडीफोर पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, 200 च्या खाली गेल्याशिवाय सहसा गोळ्या सुरू होत नसत. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला "अजून वेळ आहे" म्हणून परत पाठवणं मला फार जड जायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये ती अटच काढली आणि 2017 पासून आपल्याकडेही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की औषध सुरू. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती नेमानं घेऊन विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नवराबायकोला हे सांगताना मी खोलीचं दार लावून घ्यायची. दोघंही बराच वेळ बोलायचे नाहीत.

जगाचा हिशोब असा. 2003 च्या अखेरीला गरीब आणि विकसनशील देशांत जेमतेम 4 लाख लोक या औषधांवर होते. 2005 पर्यंत 30 लाख करू, असं ठरलं; ते 2007 मध्ये साधलं. 2024 मध्ये जगभरात 3 कोटी 16 लाख लोक औषध घेत होते. 2004 च्या सुमारास एड्सनं वर्षाला वीस लाखांवर माणसं जात, 2024 मध्ये 6 लाख 30 हजार गेली. अजून 90 लाखांहून जास्त लोकांना औषध मिळत नाही, आणि लेकरं मोठ्यांच्या मागेच आहेत. त्यात 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि आफ्रिकेतले कितीतरी दवाखाने अडचणीत आले. आपला कार्यक्रम मुख्यतः आपल्याच सरकारच्या पैशावर चालतो, हे आपलं नशीब.

आपल्याकडे गोळी चुकते ती वेचणीच्या हंगामात. मजुरी बुडवून जिल्ह्याला कोण जाणार? वीटभट्टीवर जाणाऱ्यांचंही तेच. अशांनी निघण्याआधी केंद्रावर सांगावं, जिथं जाल तिथल्या केंद्रात नाव लावून मिळतं. तुमचा आजार कोणाला कळू न देणं हे दवाखान्याचं काम आहे, 2018 पासून तसा कायदाच लागू आहे. काही विचारायचं असेल तर 1097 लावा, पैसे लागत नाहीत.

त्या बाई मागच्या दिवाळीत बाजारात भेटल्या. तब्येत ठणठणीत, पोरगा बारावीला, त्याचा रिपोर्ट लहानपणीच निगेटिव्ह आलेला. आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, म्हणाल्या. मी म्हटलं, बरं झालं, खेपा वाचल्या. तर हसून म्हणतात, "वाचल्या नं मॅडम. पण तीन डब्या! कापूस तिप्पट लागते."

कापसाचे भाव पुढच्या कार्यक्रमात आहेतच. नमस्कार.