ब्युटेनॉल सोसणारा जिवाणू आणि ब्युटेनॉल बनवणारा जिवाणू

इथेनॉल म्हणजे काय हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शहराजवळ मांजरी इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि मळी आंबवणारे कारखाने आसपास भरपूर. तिथलं यीस्ट वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या द्रवात, ८ ते १० टक्के इथेनॉल होईस्तोवर कुरकुर करत नाही. ब्युटेनॉल हे त्याचंच भावंड, तेही अल्कोहोलच, आणि इंधन म्हणून सरस आहे : लिटरमागे सुमारे २९ मेगाजूल, इथेनॉलचे २१, पेट्रोलचे ३२. पण ते निसर्गतः बनवणारा क्लॉस्ट्रिडियम असेटोब्युटिलिकम हा जिवाणू लिटरला १२-१३ ग्रॅमवरच गुदमरतो. म्हणजे शंभर लिटरमागे जेमतेम सव्वा किलो माल. बाकी सगळं पाणी.

गुदमरतो तो का? ब्युटेनॉलची कार्बनसाखळी चारची, इथेनॉलची दोनची. साखळी लांबली की रेणूला पेशीपटलातल्या मेदाची ओढ वाढते. तो तिथे घुसला की पटल सैल पडतं आणि प्रोटॉन आत झिरपू लागतात. ते बाहेर उपसण्यातच एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, संपतो, वाढीला उरत नाही. शिवाय प्रथिनांच्या घड्या मोडतात. म्हणूनच क्लॉस्ट्रिडियममध्ये ग्रोईएसएल ही घड्या सावरणारी प्रथिनं वाढवली की तो जास्त ब्युटेनॉल सोसतो.

दुसरा मार्ग म्हणजे ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूला ब्युटेनॉल सोसायची सवय लावायची. त्याची पद्धत साधी, पण शिस्तीची आहे. एम-९ माध्यम (क्षार आणि साखरेचं साधं खाद्य) निर्जंतुक करून थंड झाल्यावरच ब्युटेनॉल घाला. आधी घातलंत तर ऑटोक्लेव्हमध्येच, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या वाफेच्या भांड्यातच, उडून जाईल. ५० मिलिलिटरला ०.२५ मिलिलिटर म्हणजे ०.५ टक्का. वाढीचा वेग निम्म्यावर येईल तो डोस शोधून तिथून सुरुवात करा. जोमात वाढणाऱ्या पेशी, रात्रभर शिळ्या झालेल्या नव्हेत, १:१०० प्रमाणात नव्या माध्यमात न्या. एका खेपेला साधारण साडेसहा पिढ्या होतात. वेग पूर्ववत झाला की डोस ०.१ टक्क्याने चढवा. दर दहा खेपांनी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये नमुना उणे ८० अंशांवर ठेवा. चार-पाच वंश समांतर चालवा, आणि एक वंश ब्युटेनॉलविना. नाहीतर दिसणारा बदल ब्युटेनॉलमुळे की नुसत्या एम-९ मुळे, हे कळणार नाही.

फसतं कुठे? बहुतेक वेळा कापसाच्या बुचात. ब्युटेनॉल हवेत उडतं, डोस कमी होतो, आणि आपण खूश होतो की जिवाणू कणखर झाला. घट्ट झाकणाची बाटली घ्या, ती पाचवा हिस्साच भरा म्हणजे प्राणवायू पुरेल, आणि खेपेच्या शेवटी गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) डोस तपासा. काचेला चिकटलेला थर हा दुसरा चोर : तिथल्या पेशी डोस चुकवून बसतात, म्हणून दर खेपेला बाटली नवी. डीएनए-दुरुस्तीची जनुकं बिघडलेला वंशही पुढे येतो. त्यात उत्परिवर्तनांचा असा ढीग पडतो की उपयोगाचं कोणतं ते निवडताच येत नाही.

आता खरी मेख. जेम्स लियाओ या संशोधकाच्या लॉस एंजेलिसच्या गटाने २००८ मध्ये ई. कोलायकडून आयसोब्युटेनॉल (ब्युटेनॉलचंच फांदीदार रूप) बनवून घेतलं, लिटरला २० ग्रॅमच्या वर. २०१० मध्ये त्याच गटाने आयसोब्युटेनॉल सोसणारा वंश उत्क्रांत केला. तो सोसत होता, पण त्यामुळे उत्पादन वाढलं नाही. सोसण्याच्या कसोटीत फक्त वाढ निवडली जाते. उत्पादनाला एन्झाइम, साखरेचा ओघ आणि एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) लागतं, त्यांना कुणी निवडलेलंच नसतं. त्या वंशात एक्रए हे जनुक मोडलं होतं, म्हणजे एक्रएबी हा उपसा-पंप बंद. तो पंप क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविकही बाहेर फेकतो. तेव्हा अशा वंशात त्या औषधाला दाद न देणारं जनुक असलेला प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) घालायचा तर औषधाचा डोस नव्याने ठरवावा लागतो.

म्हणून माझं मत : आधी उत्पादक जिवाणू हाती घ्या, आणि सोसण्याची परीक्षा त्याचीच घ्या. तोही अडला तर ब्युटेनॉलच बाहेर काढा. टाकीतून वायू खेळवा आणि बाहेर येणारी वाफ थंड करा. फेस फार येतो, त्याची तयारी ठेवा. पाण्यात ब्युटेनॉल वजनाने साधारण साडेसात टक्केच विरघळतं. थंड झालेल्या द्रवात त्याहून जास्त ब्युटेनॉल असलं की दोन थर आपोआप पडतात, आणि वरचा थर ब्युटेनॉलचा.