एकोणतीसचा पाढा

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर रविवारी पहाटे धावायला येणाऱ्या काही जणांच्या तोंडून आपल्याला कधी पाढे ऐकू आले, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ही पद्धत आम्हांला ज्यांनी लावली, त्यांच्याविषयी आणि त्यांच्या देखरेखीखाली घालवलेल्या नऊ वर्षांविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे. आपले नाव कुठे छापले जावे किंवा ऐकवले जावे हे त्यांना कधीच आवडले नाही, म्हणून ते मी घेणार नाही. टेकडीवरचे सगळे त्यांना काका म्हणत; मीही काकाच म्हणत असे.

काकांचा जन्म नदीकाठच्या एका पेठेतला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. घर पुरात गेले आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरात जी वसाहत उभी राहिली, तिथे हे कुटुंब राहायला आले. घरामागे टेकडी होती म्हणून मुलगा टेकडीवर पळू लागला, इतकी साधी त्यांच्या धावण्याची सुरुवात आहे. पुढे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत, उन्हापावसात, ते गोखलेनगर ते खडकी सायकलनेच ये-जा करत राहिले. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर होते. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी खडकीच्या रस्त्यावर एवढी दाटी असे, की पुढच्या एकाने ब्रेक दाबला तर मागच्या दहा जणांना पाय टेकावे लागत, असे ते सांगत. १९८३ साली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तिच्या पहिल्याच वर्षी ते धावले होते. एवढे आम्हांला माहीत होते. त्यापुढचे त्यांनी कधी सांगितले नाही.

मी त्यांना २०१४ च्या पावसाळ्यानंतर भेटले. भोसरीच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. दिवसभर मापे घेण्याचे काम, जाता-येता कंपनीची बस आणि त्यात अंग आखडून गेलेले, म्हणून मी टेकडीवर यायला लागले आणि चालता चालता पळू लागले. एके दिवशी खाणीच्या चढावर धापा टाकत असताना मागून एक वयस्कर गृहस्थ सावकाश पळत आले आणि त्यांनी विचारले, "एकोणतीसचा पाढा येतो का?" मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, "पळता पळता मोठ्याने म्हण. जिथे श्वास तुटेल तिथे वेग कमी कर." एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीपर्यंत मी पोहोचले आणि सोळोत्तरशेला माझा आवाज बंद पडला.

लांब धावण्याचा सराव बहुतांशी बोलता येईल इतक्याच वेगाने करावा, हे तत्त्व काकांचे नव्हे. जगभरचे प्रशिक्षक ते सांगतात आणि त्यामागे शरीराचे पक्के गणित आहे. सावकाश आणि दीर्घकाळ धावल्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, चरबीतून ऊर्जा मिळवण्याची शरीराची क्षमता वाढते, आणि त्यामुळे स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर पुरवून वापरता येते. ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत हा साठा बहुतेकांचा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आटतो, आणि ज्याने सरावात केवळ वेग जपला त्याचे पाय तिथे जड होतात. काकांना न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडिअर्ड यांच्याबद्दल विशेष आदर होता. लिडिअर्ड स्वतः बुटांच्या कारखान्यात काम करणारे होते. त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केले, आठवड्याला शंभर मैलांचा सराव ठरवला, आणि तो अवघ्या ८०० मीटरच्या धावपटूकडूनही करून घेतला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे दोन शिष्य, ८०० मीटरमध्ये पीटर स्नेल आणि ५००० मीटरमध्ये मरे हॅलबर्ग, एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकले. ही गोष्ट काका नेहमी एका वाक्यावर संपवत: "आधी स्वतःवर केले बरं का." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

काकांची दुसरी शिस्त वहीची होती. प्रत्येकाने दोनशे पानी वही करायची, रोजचे अंतर आणि झोप लिहायची, कुठे काही दुखत असेल तर तेही लिहायचे, आणि रविवारी ती त्यांना दाखवायची. ते आठवड्याच्या शेवटी समासात एकच शब्द लिहीत, "बरोबर" किंवा "घाई". तिसरा शब्द मी कुणाच्याही वहीत पाहिला नाही.

२०१६ साली माझ्या वहीत ओळीने तीन आठवडे "घाई" असे लिहिलेले आहे. त्या वर्षी मला साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चांगल्या वेळेत चढायचा होता. वेगाने धावणारा एक गट मला भेटला, त्यांच्याबरोबर मी आठवड्यातून तीन दिवस जोरात पळू लागले, आणि महिन्याभरात माझे साप्ताहिक अंतर ३५ किलोमीटरवरून ६० वर गेले. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीचा जो दणका बसतो, तो शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका असतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडाला स्वतःची पुनर्बांधणी करायला महिने लागतात. त्यामुळे दम आहे म्हणून माणूस पळत राहतो आणि हाड मागे पडते. माझ्या उजव्या नडगीत आधी धावल्यावर, मग धावताना आणि शेवटी रात्री झोपेतही दुखू लागले. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा गेलेला दिसला. डॉक्टरांनी आठ आठवडे धावणे पूर्ण बंद केले.

काका घरी आले तेव्हा मी बोलणी खाण्याच्या तयारीत होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी चहा घेतला, माझी वही मागून घेतली, ती शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि परत देताना म्हणाले, "डॉक्टरांनी परवानगी दिली की सायकल घे. बसने जाऊ नकोस." पाचव्या आठवड्यात ती परवानगी मिळाली. रविवारच्या जुन्या बाजारातून आम्ही एक वापरलेली गियरची सायकल आणली. तिची चेन आणि ब्रेकचे रबर काकांनी स्वतः बदलले, सीटची उंची माझ्या पायाच्या मापाने लावून दिली, आणि पंक्चर काढण्याचे सामान एका डब्यात भरून कॅरिअरला बांधले.

कोथरूड ते भोसरी हे अंतर एका वेळचे सतरा-अठरा किलोमीटर भरते. पौड रस्त्यावरून सेनापती बापट रस्त्याला लागायचे, वेताळबाबा चौकापर्यंतचा चढ चढायचा, चतुःशृंगीवरून विद्यापीठ चौकात उतरायचे, आणि खडकी-बोपोडी मागे टाकून हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की पुढे कासारवाडी, नाशिक फाटा आणि भोसरी. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडले आणि त्यानंतर मेट्रोच्या कामामुळे तो चौक आम्हां सायकलवाल्यांसाठी वर्षानुवर्षे अडथळ्याची शर्यत होऊन बसला. सायकलसाठी आखलेले मार्ग आपल्या शहरात आहेत, पण त्यांवर वाहने उभी असतात आणि ते मध्येच संपतात. ज्या शहराने एके काळी हजारो कामगारांना सायकलवरून कामावर नेले, त्याच शहरात आज पावसात हँडल धरताना अंगावर काटा येतो, याचे मला मनापासून दुःख होते. तरीही सकाळी सव्वासहाला, बसेस अजून विरळ असताना, खडकीच्या झाडांखालून जाताना मला जे स्वास्थ्य मिळते ते दुसऱ्या कशानेही मिळत नाही. पायडल मारताना पायांना दणका बसत नाही, दम मात्र टिकतो, त्यामुळे आठ आठवड्यांनी मी पुन्हा पळू लागले तेव्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. पुढे दर आठवड्याला तीन-चार दिवस सायकल हा माझ्या सरावाचाच भाग झाला आणि वहीत त्याचा वेगळा रकाना आला. संध्याकाळी परतताना मी गोखलेनगरात थांबत असे. काकू पोहे करत, आणि काका बाहेर सायकलपाशी उकिडवे बसून चेनला हात लावून पाहत असत.

२०२३ च्या जुलैमध्ये काकांना यकृताचा कर्करोग असल्याचे समजले, आणि तो इतका पसरलेला होता की उपचारांत त्रास कमी करण्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते. कामावरून सुटल्यावर मी सायकलने थेट रुग्णालयात जात असे. गणपती जवळ आल्यामुळे नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चाले आणि त्याचा आवाज वॉर्डापर्यंत येई. त्यांच्या पायांवर सूज होती. ज्या पोटऱ्या पाहून मी कधी काळी टेकडीवर थक्क झाले होते, त्या पोटऱ्यांना तेल लावताना मला वर पाहवत नसे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी माझा सराव सुरू होता, म्हणून ते दर रविवारी वही मागत. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी पेन हातात धरले, बोटे थरथरली, आणि त्यांनी ते माझ्याकडे परत देत म्हटले, "आता तूच लिही." काय लिहू, असे मी विचारले नाही, कारण मला वाटले पुढच्या रविवारी विचारता येईल. विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात ते गेले. वैकुंठ स्मशानभूमीत टेकडीवरची पंचवीसएक माणसे आली होती. त्यानंतरच्या रविवारी नेहमीच्या वेळी आम्ही सगळे वर जमलो आणि पहिले पाऊल कुणी टाकायचे हे न कळून बराच वेळ तसेच उभे राहिलो.

तेराव्यानंतर काकूंनी मला त्यांच्या जुन्या वह्या दिल्या. एकूण अकरा वह्या होत्या, काहींची पाने पिवळी पडून कडेने तुटू लागलेली. १९८३ च्या मॅरेथॉननंतरची वही मी त्याच रात्री उघडली. तीन तासांच्या आत धावायचे, असे पहिल्या पानावर ठळक लिहिले होते, आणि त्याखाली रोजच्या रोज वाढत जाणारे आकडे होते. दुसरी पाळी करून आल्यावर रात्री धावलेले किलोमीटरही त्यांत होते. मग एका पानावर, "नडगी दुखते. तरी २० केले." दोन दिवसांनी नुसते "नडगी". त्यानंतर जवळजवळ सहा महिने पानामागून पान एकच नोंद होती: "सायकल १४." गोखलेनगर ते खडकी आणि परत.

मला आधी रडू आले आणि मग राग आला. २०१६ मध्ये माझ्या घरी बसून, माझी वही वाचून झाल्यावर, त्यांनी हे मला का सांगितले नाही? आठ आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते. आपल्यासमोर बसलेल्या माणसाचे हाडही अगदी त्याच जागी, त्याच कारणाने दुखावले होते, हे मला कळले असते तर ते दिवस इतके एकटे गेले नसते. या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या पिढीच्या माणसाला आपली चूक तरुण मुलीपुढे उघडी करणे जमले नसेल, किंवा सायकल हातात देणे हेच त्यांच्या दृष्टीने सांगणे असेल. तरीही त्यांनी ते शब्दांत सांगायला हवे होते, असे माझे मत आहे, आणि त्यांच्याविषयीच्या माझ्या आदराला त्या मताने बाध येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मी मुंबईत धावले. पस्तीस किलोमीटरच्या पुढे, पाय थकलेले असताना पेडर रोडचा चढ येतो. तिथे मी पाढा म्हटला. चोकला श्वास तुटला, वेग कमी केला, पुन्हा म्हटला. ४ तास ३१ मिनिटांत शर्यत पूर्ण झाली. त्या आठवड्याच्या समासात मी "बरोबर" लिहिले आणि ते अक्षर आपले आहे याची सवय व्हायला मला बरेच महिने लागले.

आता टेकडीवर नवीन येणारी मुले कधी कधी माझ्याकडे वही घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यानंतर महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा आला, त्याला चार महिन्यांत मॅरेथॉन पळायची होती आणि रोज वेग वाढवायचा होता. मी त्याला खाणीजवळच्या दगडावर बसवले, मोजा खाली केला, माझ्या नडगीची जागा दाखवली आणि २०१६ ची सगळी हकीकत सांगितली. काकांच्या वहीतले ते सहा महिनेही सांगितले. काकांना ते आवडले नसते, हे मला ठाऊक आहे. मग मी त्याला पाढा विचारला. तो इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याला एकोणतीसचा पाढा मराठीत येत नव्हता. आठवडाभरात आजीकडून तो पाठ करून आला. पुढच्या रविवारी मी त्याच्या मागे चार पावलांवर होते. खाणीच्या चढावर सोळोत्तरशेला त्याचा आवाज अडला, तसा तो थांबला आणि चालू लागला. चढ संपेपर्यंत तो चालतच राहिला, आणि सपाटी आल्यावर त्याने पुन्हा एकोणतीस एके एकोणतीसपासून सुरुवात केली.