दोन घड्याळं, एक आवाज

[पडद्यावर ध्वनिलहर, मधोमध एक बारीक फट]

टक्. नेटवर्कवरून येणारा आवाज ब्राउझरमध्ये सलग वाजवताना नेमकी हीच फट टाळायची असते. ही फट तीन मिलिसेकंदांचीही नाही. व्हिडिओतली एखादी फ्रेम गळली तर डोळा सहसा सोडून देतो, कान सोडत नाही.

ब्राउझरमधली आवाजाची यंत्रणा, वेब ऑडिओ, आवाज तयार करते ते एका वेळी १२८ सॅम्पल, म्हणजे ध्वनिलहरीची १२८ मोजमापं. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले, तर हा घास सुमारे २.७ मिलिसेकंदांचा. पुढचा घास वेळेत आला नाही तरी स्पीकर वाट बघत नाही. रिकामी जागाच वाजते.

[पॅकेटं येताना: दोन एकदम, मग काहीच नाही]

नेटवर्कवरून आवाज येतो तो पॅकेटांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत. ओपस या कोडेकचं, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतीचं, पॅकेट साधारणपणे २० मिलिसेकंदांचं. निघताना ठेक्यात निघतं, पोचतं मात्र कधीही. त्यासाठी आधी थोडा साठा करायचा, म्हणजे जिटर बफर. दोघांच्या बोलण्यात तो १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा. एकतर्फी प्रसारणात दोन सेकंद ठेवले तरी कुणाचं अडत नाही.

इथे हमखास होणारी चूक: एक तुकडा संपल्याची सूचना मिळाली की दुसरा सुरू करणं. ती सूचना मेन थ्रेडवर येते, आणि तिथे पानाची बाकीची कामं आधीच रांगेत असतात. त्यापेक्षा ऑडिओकॉन्टेक्स्टच्या, म्हणजे वेब ऑडिओच्या स्वतःच्या, घड्याळावर आधीच वेळ लावून ठेवा: मागच्या तुकड्याची वेळ, अधिक त्याची लांबी. टायमरच्या भरवशावर तर राहूच नका, टॅब मागे गेला की तो सेकंदातून एकदाच चालू शकतो. सलग प्रवाहासाठी ऑडिओवर्कलेट (मेन थ्रेडपासून वेगळा चालणारा आवाजाचा कोड) आणि रिंग बफर (एकीकडून भरणारा, दुसरीकडून रिकामा होणारा गोलाकार साठा) हीच जोडी बरी.

[दोन घड्याळं शेजारी शेजारी]

एवढं करूनही अर्ध्या तासाने खरखर सुरू होते. दहा मिनिटांच्या चाचणीत सगळं सुरळीत चाललेलं असतं, म्हणून दोष नेटवर्कला दिला जातो. खरं कारण वेगळं. पाठवणाऱ्याच्या साउंड कार्डातला ठेका देणारा स्फटिक आणि ऐकणाऱ्याचा, दोघेही ४८,००० म्हणतात, पण तंतोतंत तेवढे कुणीच देत नाही. दहा लाखांत ५० चा फरक म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद. ऐकणाऱ्याचं घड्याळ पुढे पळत असेल, तर १०० मिलिसेकंदांचा साठा ३३ मिनिटांत संपतो. मागे पडत असेल, तर साठा फुगतो आणि आवाज उशिरा येऊ लागतो.

सॅम्पल गाळून भागत नाही, प्रत्येक वेळी टक् होतं. साठ्याची पातळी काही सेकंदांची सरासरी काढून बघायची आणि रीसॅम्पलिंगने, म्हणजे सॅम्पल नव्या अंतराने पुन्हा मोजून, वेग किंचित बदलायचा, ०.१ टक्क्यापर्यंत. त्याने स्वर हलतो तो अर्धस्वराच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. ५० मिलिसेकंदांची तूट ५० सेकंदांत भरून निघते, कुणाला कळतही नाही. सरासरी न काढता वेग बदलला, तर मात्र लांब स्वर थरथरल्यासारखा वाटतो.

[एकाच खोलीत तीन फोन]

तीन यंत्रं एकसाथ वाजवायची, तर प्रत्येकाने सर्व्हरला वेळ विचारायची. उत्तर पोचेपर्यंत गेलेला वेळही त्यात धरायचा. या हिशेबात जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं गृहीत असतं. म्हणून दहा-बारा वेळा विचारून सर्वांत झटपट आलेलं उत्तर धरायचं. मग निरोप एवढाच: अमुक क्षणी अमुक सॅम्पल.

राहिला ब्लूटूथ. तो एकटाच दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज खातो. आउटपुटलेटन्सी हा गुणधर्म तो उशीर सांगतो, पण त्याचा आकडा नेहमीच खरा नसतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या हातात पुढे-मागे सरकवायची एक पट्टी द्यावी.