सीईपीचे साठ तास: गावाचा प्रश्न प्रयोगशाळेत कसा आणायचा?

नमस्कार! बीए, बीकॉम, बीएस्सी, तुम्ही काहीही करत असाल, नव्या शैक्षणिक धोरणानंतर तुमच्या अभ्यासक्रमात सीईपी, म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्रॅम, आला आहे. लोकांमध्ये जाऊन करायचं काम. बहुतेक ठिकाणी त्याला दोन क्रेडिट आहेत. क्षेत्रकामाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे झाले ६० तास.

साठ तासांत एका वाडीच्या पिण्याच्या पाण्याचा नीट अभ्यास होतो. तोच वेळ चार रोपं लावण्यात, बॅनर धरून फोटो काढण्यात आणि फाईल सजवण्यात जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. मुलांमध्ये उत्साह असतो. नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आज तेच बोलू.

[पडद्यावर: एनएसएस आणि सेवाधारित शिक्षण]

आधी एक गोंधळ दूर करू. "हे एनएसएससारखंच ना?" असं खूप जण विचारतात. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर. तुमच्या आईवडिलांपैकी कुणी त्या शिबिरात बंधारा घातलाही असेल. ते काम मोलाचंच आहे. पण घमेलं उचलताना तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात की रसायनशास्त्राचे, याने काही फरक पडत नाही. सीईपीमागची कल्पना आहे सेवाधारित शिक्षणाची, म्हणजे सर्व्हिस लर्निंगची, आणि तिथे सगळा भर तुमच्या विषयावरच असतो. तुमचा विषय वापरून लोकांच्या उपयोगाचं काम करायचं आणि ते करताना तो विषय जास्त खोल समजून घ्यायचा.

ही कल्पना या नावाने पुढे आली १९६० च्या दशकात अमेरिकेत. तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक, रॉबर्ट सिगमन. त्यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वं मांडली. सेवा कोणती आणि कशी, हे ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनी ठरवायचं. त्या सेवेतून ते लोक स्वतः अधिक समर्थ व्हायला हवेत. आणि सेवा करणारा हाही शिकणाराच असतो, काय शिकायचं यात त्याचाही शब्द चालला पाहिजे. तिन्ही महत्त्वाची आहेत, पण मी पहिल्यावर अडून बसेन. कारण आपल्याकडे विषय स्टाफरूममध्ये ठरतो आणि गावाला तो पत्राने कळतो.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ.

समजा तुम्ही रसायनशास्त्राला आहात. पहिल्या भेटीत प्रश्नावली नेऊ नका. बसा, ऐका. बायका म्हणतात, "विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही." आता आठवा, ईडीटीए हे रसायन थेंबाथेंबाने घालून पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजायचं टायट्रेशन तुम्ही प्रॅक्टिकलला केलेलं असतं. तिथे नमुना लॅबमध्येच तयार केलेला असतो आणि उत्तर जर्नलमध्ये आधीच ठाऊक असतं. इथे उत्तर कुणालाच ठाऊक नाही.

[पडद्यावर: कठीणपणा, लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत]

भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं. तुमच्या विहिरीचा आकडा आला ४५०. आता समोरच्या आजी विचारणार, "मग बाळा, पिऊ की नको?" या प्रश्नाला जर्नलमध्ये रकाना नसतो. दोन मर्यादा का ठेवल्या, कठीणपणा म्हणजे काय, त्याने भांड्यांचं काय होतं आणि शरीराचं काय, हे साध्या मराठीत सांगता आलं, तर तो धडा तुम्हाला खरोखर समजला.

नायट्रेटचं मात्र वेगळं आहे. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि तिथे सूट नाही. तान्ह्या बाळांना त्याचा धोका असतो. आकडा जास्त आला तर विहिरीच्या आसपास उकिरडा आहे का, शौचालयाचा शोषखड्डा किती जवळ आहे, वरच्या शेतात खत किती पडतं, हे फिरून बघा. आणि गावात बोलण्याआधी तोच नमुना शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. अर्धवट आकड्याने भीती पसरवायचा हक्क आपल्याला नाही.

दुसरी अडचण सेमिस्टरची. विहीर सेमिस्टर पाळत नाही. मे महिन्यातलं पाणी वेगळं, पावसाळ्यानंतरचं वेगळं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, ते काही उगाच नाही. म्हणून दरवर्षी नवं गाव घेऊ नका. तीच विहीर, तीच वही, पुढची बॅच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ पासून एपिक्स नावाचा उपक्रम चालतो, त्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकाच संस्थेबरोबर वर्षानुवर्षं काम करतात, जुने नव्यांच्या हाती सोपवून पुढे जातात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत सितारा हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करतं, तिथले विद्यार्थी गावांत जाऊन राहतात, अभ्यास करतात. म्हणजे वाट नवी नाही.

कॉमर्सवाल्यांनी बचत गटाच्या वह्या बघाव्यात. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री असते. शेवटच्या सूत्रावर गट अडतो तिथे तुम्ही उपयोगी पडता, मात्र वही तुम्ही लिहायची नाही, ताईंना लिहायला शिकवायची. राज्यशास्त्रवाल्यांनी रेशन घ्यावं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. कागदावरचं हे माप घरापर्यंत पोहोचतं का?

शिक्षकांना एक विनंती. गुण तासांना देऊ नका. दर भेटीनंतर विद्यार्थ्याने पानभर लिहावं: जाताना काय वाटत होतं, प्रत्यक्षात काय दिसलं, पुस्तकातलं काय जुळलं, काय जुळलं नाही. ते वाचून त्यावर वर्गात बोला. हा भाग गळाला की राहते ती फक्त सहल.

आणि अहवाल. तो इंग्रजीत टाइप होऊन विभागाच्या कपाटात जातो. तिथे एक प्रत जाऊ दे, पण दुसरी एकपानी, ठळक अक्षरातली, मराठीत करा. सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी भेटा, ग्रामसभेत दहा मिनिटं मागून घ्या, आणि ज्या बायकांनी डाळीची तक्रार केली होती त्यांना त्या दिवशी यायला सांगा. फोटो काढायचे तर आधी विचारून. कुठल्या घरचा कोणता आकडा, हे जाहीर करायचं नाही.

तुमच्या कॉलेजात सीईपी कसा चालतो ते खाली लिहा, विषय आणि तालुका सांगा. पुढच्या व्हिडिओत पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, बाटली कशी धुवायची, किती तासांत लॅबला पोहोचवायची, हे करून दाखवणार आहे.